अलवीक्कांचा आकडा

आमच्या वहीत एक रकाना आहे. त्यात शून्य ते दहा यांतला एक आकडा लिहायचा असतो. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे याच्यापलीकडे दुखणं नाही. रोग्याला विचारायचं, तो सांगेल तो आकडा लिहायचा, आणि त्यावरून डॉक्टर गोळी वाढवायची की आहे तशी ठेवायची ते ठरवतात. कोळिकोडच्या बाजारपेठेमागच्या गल्ल्यांतून घरोघरी जाऊन हे काम मी एकवीस वर्षं करते आहे. इतक्या वर्षांत चुकीचे आकडे पुष्कळ लिहिले गेले असतील, पण ते मला ठाऊक नाहीत. अलवीक्कांचा ठाऊक आहे.

अलवी हे त्यांचं नाव. सगळी गल्ली त्यांना इक्का, म्हणजे दादा म्हणायची, म्हणून मीही म्हणायची. वय चौसष्ट. चाळीस वर्षं वलियंगाडीच्या धान्यबाजारात हमाली केली, डोक्यावरून पोती वाहिली. प्रोस्टेटचा कॅन्सर पाठीच्या कण्यात आणि डाव्या खुब्यात उतरला होता. मोठ्या इस्पितळाने जे करायचं ते करून घरी पाठवलं आणि कागद आमच्या पॅलिएटिव्ह केंद्राकडे आला. मंगळवार आणि शुक्रवार, आठवड्यातून दोन फेऱ्या ठरल्या.

पहिल्या मंगळवारी मी खाटेशेजारी स्टूल ओढून बसले. सोबत सुकुमारन मास्तर होते. हे निवृत्त गणिताचे मास्तर. आमच्याकडे स्वयंसेवक आहेत, म्हणजे स्वतःच्या गाडीत स्वतःचं पेट्रोल घालून मला फिरवतात आणि त्या बदल्यात मला त्यांचं बोलणं ऐकावं लागतं. आकड्याचा रकाना हा त्यांचा जीव की प्राण.

"अलवीक्का, समजा एक सरळ रेषा आहे," मास्तरांनी सुरुवात केली. "या टोकाला शून्य..."

"मास्तर, मी शाळा सोडली ती रेषांनाच कंटाळून," अलवीक्का म्हणाले. "सिस्टर, तुम्ही विचारा बरं. काय सांगायचं?"

"दुखणं किती आहे, दहापैकी?"

त्यांनी विचार केल्यासारखं केलं, पण तोंडावरचं हसू हललं नाही. "दोन."

"आणि कूस बदलताना?"

"तेव्हाही दोनच. लिहा की. पेन अडलं का?"

मी लिहिलं. पाच मिलिग्रॅमची मॉर्फिनची गोळी चालू होती, दर चार तासांनी एक, झोपताना दोन. ती तशीच ठेवली. पोट साफ होण्याचं औषध लिहून दिलं आणि ते विसरू नका म्हणून दोनदा सांगितलं, कारण ती गोळी घेणाऱ्याला हटकून बद्धकोष्ठ होतं आणि मग दोष गोळीला मिळतो. त्यांच्या बायकोने, कदीसात्ताने, काळा लिंबू घातलेला चहा दिला. चहा घेऊन आम्ही पुढच्या घरी गेलो.

पुढच्या शुक्रवारी दोन. मंगळवारी दोन. त्याच्या पुढच्या शुक्रवारी मी दारातून आत पाऊल टाकायच्या आधीच आतून आवाज आला, "दोन, सिस्टर, दोन! चपला काढायच्या आधी लिहून टाका."

इथे मला माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मला अशी घमेंड होती की रोग्याचं तोंड पाहून मी आकडा ओळखते. कपाळावरची आठी, घट्ट आवळलेला जबडा, चादर मुठीत धरणं, हे सगळं मी नव्या मुलींना शिकवते. अलवीक्कांच्या कपाळावर आठी नव्हती. हात छातीवर सैल. ते बाजारातले किस्से सांगत आणि मास्तरांची फिरकी घेत. त्यांच्या बायकोला विचारलं तर ती म्हणे, "जेवतात बाई. पेज घेतात, तळलेली तारली दिली तर तीही घेतात. एवढी वाकडी मान आणि तिखट जीभ तर लग्नापासूनच आहे." मी खूश. वहीत एकाखाली एक दोन उभे राहिले.

याच दिवसांत घरात लग्नाची घाई होती. धाकटी मुलगी हसीबा, एवढीच उरलेली. नवरा मुलगा कतारला नोकरीला, नाव जंशीर. वीस दिवसांची रजा काढून आलेला. लग्न खरं तर सहा महिन्यांनी व्हायचं होतं, पण अलवीक्कांचा कागद पाहून सगळ्यांनी मिळून ते अलीकडे ओढलं, कुणी का ते बोलून न दाखवता. निकाह रविवारी अकराला, घरासमोरच्या अंगणातच. मुलीच्या बापाने जावयाचा हात हातात धरून शब्द म्हणायचे असतात, आणि बाप खाटेवरून अंगणापर्यंतच जाऊ शकणार होता.

"मला त्या खुर्चीत बसवा एवढं झालं की पुरे," त्यांनी मला दुसऱ्याच भेटीत सांगितलं होतं. "थोरलीच्या वेळी मी आगीनगाडीच्या मालधक्क्यावर होतो. लॉरी अडकली, पोचेपर्यंत माझ्या भावाने हात दिलेला. हसीबाचा हात मी देणार."

"द्याल की. दोनवर काय, कुणीही बसेल," मी म्हटलं होतं. आता आठवलं की माझ्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

निकाहाला नऊ दिवस असताना, शुक्रवारी सकाळी आम्ही गेलो तर खाटेच्या पायथ्याशी एक माणूस पाय दुमडून बसला होता. काळाकभिन्न, मान खांद्यात रुतलेली, अंगावर हमालांच्या संघटनेचा निळा सदरा. हा चोयी. अलवीक्कांचा टोळीतला जोडीदार. पोतं दोघांनी उचलून तिसऱ्याच्या डोक्यावर चढवायचं असतं. तीस वर्षं अलवीक्कांच्या डोक्यावर ज्यांनी चढवलं त्यांतला हा एक. आजवर घरच्या आजारपणात गुंतला होता म्हणून येऊ शकला नव्हता, असं तो म्हणाला.

मी नेहमीसारखं स्टूल ओढलं. "अलवीक्का, आज किती?"

"दोन."

मी पेन टेकवलं तोच चोयी म्हणाला, "काय दोन?"

मास्तरांना संधी मिळाली. रेषा, दोन टोकं, शून्य, दहा, सगळं त्यांनी चोयीला नीट समजावलं. चोयीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग मला म्हणाला, "सिस्टर, तुम्ही याच्या तोंडाकडे बघून लिहिता काय?"

"मग कुठे बघू?"

त्याने अलवीक्कांच्या पायांवरची चादर बाजूला केली. काही विचारलं नाही, माफी मागितली नाही, आपल्याच घरातली चादर असावी तशी उचलली. पायांची बोटं खाली वळून गादीत रुतली होती. दहाच्या दहा. नखांच्या मुळाशी मांस पांढरं पडलं होतं. वर तोंड हसत होतं.

"झाक ते," अलवीक्का म्हणाले. हसू अजून तिथेच होतं.

"तू गप रे." चोयी माझ्याकडे वळला. "डोक्यावर क्विंटलभर असलं की माणसाला बोलता येत नाही, सिस्टर. मान हलवली की गेला. आणि जड झालं म्हणणारा आमच्यात नसतोच, दुसऱ्या दिवशी सगळा बाजार चिडवायला त्याला चुंबळ भेट देईल. म्हणून खालचे तोंडाकडे बघत नाहीत. लॉरीच्या फळीवर चढणाऱ्याची बोटं बघायची. बोटं फळी धरायला लागली की धावायचं आणि उतरवायचं. तोंडं सगळ्यांची सारखीच असतात. हा तर शिट्टी वाजवत चढायचा, हरामखोर." त्याने अलवीक्कांच्या घोट्यावर हात ठेवला. "हे दोन नाही. हे मी पहिल्यांदाच बघतोय इतकं."

मला आधी राग आला तो चोयीचा. एक हमाल येतो आणि एका मिनिटात माझी तीन आठवड्यांची वही खोटी ठरवतो. मग लाज वाटली. मग मी कामाला लागले.

"अलवीक्का, गोळ्या घेता की नाही?"

"घेतात ना," दारातून कदीसात्ता म्हणाली. "माझ्या हाताने देते. घड्याळ लावून."

"आणि पाणी?"

"पाणी आणायला मी आत जाते, तेवढ्यात..." तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं.

अलवीक्कांच्या उशाशी जुन्या टॉवेलाची चुंबळ होती, बाजारातली, घामाने काळी पडलेली. मान टेकायला बरी पडते म्हणून ते ती जवळ ठेवत. मी ती उचलली आणि उलगडली. गोळ्या खाटेवर सांडल्या. मास्तरांनी न सांगताच मोजल्या. त्र्याऐंशी.

कदीसात्ताने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, दिवसभर मी काय या चुंबळीला चारा घालत होते?"

"झोपतानाच्या घेतो मी," अलवीक्का म्हणाले. हसू आता गेलं होतं आणि त्याच्या खाली जो माणूस होता तो मी पहिल्यांदा पाहिला. "त्या नाही घेतल्या तर कण्हायला होतं. पोरगी भिंतीपलीकडे झोपते. दिवसा तोंड सांभाळता येतं."

"पण का?" मी ओरडलेच. रोग्यावर ओरडायचं नसतं, हेही मी नव्या मुलींना शिकवते.

त्यांनी कदीसात्ताला चहा करायला पाठवलं. ती जाईना, तेव्हा चोयीने तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि ती गेली. मग अलवीक्का बोलले. लहानपणी त्यांनी शेजारच्या गल्लीत एक निकाह थांबलेला पाहिला होता. मुलीचा बाप ताडी पिऊन बसला होता. मुसलियारांनी, म्हणजे मौलवींनी, त्याच्या तोंडाचा वास घेतला आणि उठवलं. शुद्धीत नसलेल्या माणसाने दिलेला हात हात नव्हे, असं म्हणाले. मुलीच्या काकाने निकाह लावला. तो बाप पुढे कित्येक वर्षं त्या गल्लीतून खाली मान घालून जायचा.

"ही गोळी नशेची आहे," ते म्हणाले. "इस्पितळात शेजारच्या खाटेवरचा दोन दिवस नुसता झोपून होता. मी जास्त आकडा सांगितला की तुम्ही वाढवणार. वाढवली की मी अंगणात बरळणार. मग पुन्हा माझा भाऊच हात देणार."

"मुसलियारांना विचारा ना, चालतं की नाही."

"आणि नाही म्हणाले तर? विचारलं की त्यांना कळलंच, मी ही खातो ते." त्यांनी माझा हात धरला. पकड हमालाची होती. "सिस्टर, कुणाला सांगायचं नाही. तुम्हाला शपथ आहे."

रोग्याने सांगू नको म्हटलं की सांगायचं नाही, हा आमचा नियमच आहे. मी हो म्हटलं.

मग मी त्यांना साध्या भाषेत सांगितलं. गोळी वेळेवर घेतली की पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते. नंतर अंगाला सवय होते, डोकं साफ राहतं, आणि दुखणं मात्र दबलेलं राहतं. नऊ दिवस हातात आहेत. तीन दिवस झोपून काढा. चौथ्या दिवशी डोकं साफ नसेल तर मी स्वतः गोळी कमी करायला सांगते. आणि गोळीशिवाय त्या खुर्चीत अर्धा तास बसणं तुमच्या हातचं नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

"डोकं साफ आहे की नाही हे कोण ठरवणार?"

"मी," मास्तर म्हणाले. "परीक्षा घेईन."

"म्हणजे मेलोच."

फोनवर डॉक्टर म्हणाले, आधी आहे ती गोळी खरोखर पोटात जाऊ द्या, मग बघू. कदीसात्ताला मी सांगितलं की पाणी आधी आणायचं, गोळी नंतर, आणि घोट खाली उतरेपर्यंत तोंडासमोरून हलायचं नाही. ती म्हणाली, "हलणार नाही. जीभ वर करून बघेन. शेळीची बघते तशी."

शनिवार-रविवार ते खरोखरच झोपून होते. कदीसात्ताने दोनदा घाबरून फोन केला. मी दोनदा सांगितलं, श्वास मोजा, हाक मारा, हाकेला ओ देतात ना, मग झोपू द्या. त्यांची तीन आठवड्यांची झोप राहिली आहे. सोमवारी मी वेगळी फेरी मारली. मंगळवारी गोळी दहा मिलिग्रॅमची केली. त्या दिवसापासून मी आधी पाय बघायची आणि मग तोंड. आकडा विचारायची तो सगळ्यात शेवटी. ते अजून दोनच सांगत. आता मी त्यापुढे कंसात बोटांचं लिहायची. मंगळवारी बोटं अर्धी उघडी. गुरुवारच्या जादा फेरीत गादीवर नुसती टेकलेली, झोपलेल्या मुलाची असतात तशी.

गुरुवारीच मास्तरांनी परीक्षा घेतली. चोयी, कदीसात्ता आणि मेंदीचे हात हवेत धरून बसलेली हसीबा, सगळे जमले.

"एका लॉरीत एकशे साठ पोती. पोतं पन्नास किलोचं," मास्तर म्हणाले. "टोळीत बारा माणसं. प्रत्येकाच्या डोक्यावरून एकूण किती वजन जाईल?"

अलवीक्कांनी डोळे मिटले. आम्हाला वाटलं, झोपले. मग ते म्हणाले, "आठशे किलो."

"चूक. सहाशे सहासष्ट आणि वर थोडं."

"मास्तर, चढवायला दोन माणसं नकोत का खाली? वाहणारे दहाच. पोती काय आपण होऊन डोक्यावर बसतात?"

चोयी इतका हसला की त्याला खोकला लागला. मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि त्यांना शंभरपैकी शंभर दिले. त्या दिवशी घरात खरंच आनंद होता आणि मलाही झाला, हे सांगायला हरकत नाही. जाताना अलवीक्का मला म्हणाले, "सिस्टर, हे बरंय. चाळीस वर्षांत कुणी मधेच उतरवून घेतलं नव्हतं."

रविवारी मला आमंत्रण होतं. अंगणात ताडपत्रीखाली चटया अंथरल्या होत्या, मागच्या बाजूला बिर्याणीची हंडी कणकेने बंद करून ठेवली होती. मी आत बायकांत, खिडकीशी. अलवीक्का खुर्चीत, कमरेला पांढरं मुंडू, पांढरा सदरा, दाढी कातरलेली. समोर जंशीर, मधे मुसलियार. पाहुण्यांच्या मागे मास्तर. चोयी खुर्चीच्या पाठीशी उभा होता. निळ्या सदऱ्याऐवजी त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता आणि त्यात तो अवघडला होता.

अलवीक्कांचं तोंड हसत होतं. छान हसत होतं. मी पाय पाहिले.

चपला सगळ्यांनी चटईबाहेर काढल्या होत्या, त्यामुळे दिसायला काही आड नव्हतं. बोटं चटईत रुतली होती. चटईच्या काड्या वर उचलल्या गेल्या होत्या.

मी कदीसात्ताचा दंड धरला. "दहा वाजताची गोळी दिली?"

"दिली ना. सहाचीही दिली."

"तोंडात की हातात?"

ती पाहुण्यांसाठी सरबत ओतत होती. भांडं तिने खाली ठेवलं. "आज घरात पन्नास माणसं, सिस्टर. ते म्हणाले, ठेव इथे, घेतो." तिचा हात तोंडावर गेला. "हातात दिली."

म्हणजे सकाळपासून पोटात काही नव्हतं. मास्तरांचे शंभर गुण पुरले नव्हते. ऐन दिवशी त्यांनी धोका पत्करला नव्हता. माझ्या पर्समध्ये गोळी होती. दाराबाहेर सात पावलं. पण त्या सात पावलांनंतर मुसलियार विचारणार, हे काय, आणि मी शपथ घेतली होती. रोगी दुखण्यात असताना नर्सने उभं राहून बघू नये. मी उभी राहून बघितलं. हे बरोबर केलं की चूक, मला आजही सांगता येत नाही.

मुसलियारांनी खुणावलं. अलवीक्कांनी हात पुढे केला, जंशीरने तो धरला, अंगठ्याला अंगठा लावून. मुसलियार एकेक तुकडा सांगत होते आणि अलवीक्का म्हणत होते. माझी मुलगी हसीबा, पाच पवन सोन्याच्या मेहेरवर, मी तुला निकाह करून दिली. आवाज खणखणीत होता. एक अक्षर घसरलं नाही. चोयीचे दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवरून हळूहळू वर येऊन त्यांच्या खांद्यांच्या दोन बाजूंना थांबले होते, न टेकता. लॉरीखाली उभं राहायची ती त्याची जागा होती. मी स्वीकारली, असं जंशीर म्हणाला. मग दुआ झाली. ती लांबली. सगळ्यांचे तळवे वर, अलवीक्कांचा एकच, कारण दुसऱ्याने त्यांनी जावयाचा हात सोडलाच नव्हता.

आमीन झालं. लोक एकमेकांना मिठ्या मारायला उठले. अलवीक्कांनी मान मागे टाकली आणि म्हणाले, "चोयी, उतरव."

चोयीने त्यांना काखेत धरलं. मी सात पावलं धावले. गुडघ्यावर बसले, गोळी जिभेवर ठेवली, सरबताचाच पेला ओठांना लावला, घोट उतरेपर्यंत बघत राहिले.

"किती?" मी विचारलं.

पन्नास माणसं ऐकत होती. नवा जावई, व्याही, भाऊ, बाजारातली अर्धी टोळी.

"दहा," अलवीक्का म्हणाले, मोठ्याने. मग रडले. तेही मोठ्याने, लाज न बाळगता, आणि कुणी त्यांना चुंबळ भेट दिली नाही.

मुसलियार खाली वाकले. माझ्या हातातलं पाकीट घेऊन त्यांनी डोळ्यांजवळ धरून वाचलं. "हीच ना ती, कॅन्सरवाल्यांची? माझ्या उम्माला, आईला, दीड वर्ष देत होतो. शेवटपर्यंत पाच वेळा नमाज पढली तिने." त्यांनी अलवीक्कांकडे पाहिलं. "घेतली नव्हती की काय आज?"

"नाही."

"का?"

अलवीक्कांनी हातातल्या जावयाच्या हाताकडे पाहिलं. मुसलियारांना कळलं. ते म्हातारे गृहस्थ चटईवर खालीच बसले. "औषध आहे ते, अलवी," ते म्हणाले. "मला एकदा विचारायचं होतंस."

ते बोलले त्यांच्याशी, पण लागलं मला. मीही विचारू शकले असते. नाव न घेता, एका फोनवर, अमुक रोग्याला चालेल का म्हणून. शपथही मोडली नसती. नऊ दिवस माझ्या पर्समध्ये फोन होता आणि मला ते सुचलं नाही, कारण बोटं उघडली होती आणि मी पुन्हा स्वतःवर खूश होते.

गोळीला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास ते खुर्चीतच होते, हलवणं शक्य नव्हतं. जंशीर समोर तसाच उकिडवा बसून होता. फोटोवाला त्याला बोलवत होता, आईही बोलवत होती, पण त्याने हात काढून घेतला नाही. नंतर हसीबाने सांगितलं, त्याची दोन बोटं आठवडाभर सुजलेली होती आणि कतारच्या विमानात त्याला पट्टा नीट लावता येईना. लग्नात काय मिळालं, असं मित्रांनी विचारलं की तो ती बोटं दाखवायचा.

साडेबाराच्या सुमारास अलवीक्कांच्या पायाचं एक बोट सुटलं. मग बाकीची सुटली. चोयीने बघितलं, मीही बघितलं, आणि तो बिर्याणी जेवायला गेला.

त्यानंतर ते पाच आठवडे होते. त्या पाच आठवड्यांत त्यांनी मला सात सांगितले, चार सांगितले, एकदा तर मास्तरांना चिडवायला सव्वातीन सांगितले, आणि प्रत्येक वेळी बोटं आणि तोंड एकच बोलत होती. त्यांची वही आता केंद्रातल्या कपाटात आहे. नव्या मुलींना शिकवताना मी ती काढते. निकाहाच्या तारखेसमोर माझ्या अक्षरात दहा आहे. त्याच्या वर तीन आठवड्यांचे दोन आहेत, सरळ एका ओळीत, शाईच्या पेनाने लिहिलेले, आणि ते खोडायची परवानगी नाही.